चर्चमागचा हौद

भर महासागरातल्या एलमार या प्रवाळबेटावर कुठेही खणलं तरी खारं पाणी लागतं. चर्चच्या पत्र्यावर पडणारा पाऊस पन्हाळीने मागच्या सिमेंटच्या हौदात उतरवायचा आणि कोरड्या महिन्यांत तोच पुरवून पुरवून प्यायचा, अशी तिथली रीत होती. हौद लिबेरच्या ताब्यात होता. बेटावरच्या जमिनीचा कारभार तिचा मामा लाजुओन बघायचा. तिकडे जमीन आईच्या बाजूने चालत येते, त्यामुळे मामाच्या मागे ती लिबेरकडेच येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामा म्हणाला होता, "आधी पाण्यावरून लोकांच्या शिव्या खायची सवय कर पोरी. जमिनीवरून खायच्या आहेतच पुढे."

लिबेरने ती सवय करून घेतली होती. कुणाला किती बादल्या द्यायच्या हे ती ठरवायची आणि एकदा ठरवलं की सख्ख्या सासूलाही वाढवून देत नसे. सासू, नेइबात, तिच्याजवळच राहायची. लिबेरचा नवरा प्रवाळाच्या कडेपलीकडे मासे धरायला गेला आणि त्याची होडी तेवढी रिकामी परत आली, त्यानंतर म्हातारी आपली राहती झोपडी सोडून इकडे आली, ती नातीसाठी. तोरिना तेव्हा अंगावर पीत होती. आता ती चार वर्षांची होती, आणि आजीला बुबू म्हणायची, म्हणून लिबेरही सासूला बुबूच म्हणायला लागली होती.

त्या दिवशी उजाडायच्या सुमारास लिबेर हौदात काठी घालून पाणी किती उरलंय ते बघत होती. अचानक हौदावर तिची सावली पडली, तीही उलट्या बाजूने. तिने वळून पाहिलं. पश्चिमेचं आभाळ पेटलं होतं. आधी पांढरं, मग पिवळं, मग ओल्या जखमेसारखं लाल. बराच वेळ काही आवाज नव्हता. मग असा गडगडाट आला की चर्चचे पत्रे थरथरले आणि झाडांवरचे पक्षी उठून सैरावैरा उडाले.

"आज सूर्य वाट चुकला वाटतं," नेइबात झोपडीच्या दारातून म्हणाली.

"बॉम्ब असणार अमेरिकन लोकांचा," लिबेर म्हणाली.

मामाही तेच म्हणाला. चर्चसमोर जमलेल्या लोकांना त्याने समजावलं, "मागे त्यांनी फोडला तेव्हा आपल्याला जहाजात घालून दुसरीकडे नेलं होतं. या वेळी कुणी सांगायलाही आलं नाही. म्हणजे लहानच असेल."

लोकांना ते पटलं. बायका खोबरं वाळत घालायला गेल्या, पुरुष जाळी घेऊन प्रवाळाच्या कडेआतल्या शांत समुद्राकडे.

दुपार कलताना आभाळातून काहीतरी पडायला लागलं. पांढरं, बारीक, भुरभुर. आरारूट कुटून गाळताना पीठ उडतं तसं. वारा पडलेला होता, त्यामुळे ते सावकाश येऊन झाडांवर, चटयांवर, वाळत टाकलेल्या माशांवर बसत होतं. मुलांना मजा वाटली. ती ते मुठीत गोळा करून एकमेकांच्या केसांना चोळत होती. तोरिनाने सगळ्या अंगाला फासून घेतलं आणि आजीसमोर उभी राहिली, "बुबू, मी म्हातारी."

"मग मी कोण?" नेइबात हसून म्हणाली आणि झग्याच्या टोकाने तिचं तोंड पुसलं. मासे झटकून तिने रात्रीसाठी आत घेतले.

थोडा शिडकावा झाला आणि पत्र्यावरचं ते पीठ पन्हाळीतून हौदात उतरलं. लिबेरने झाकण उघडून पाहिलं तर पाण्यावर पिवळट साय आली होती. बोट बुडवून तिने चाखलं. कडू लागलं. तिने फडक्यातून गाळून रोजच्या बादल्या वाटल्या, कारण सगळ्यांचं अंग खाजत होतं, डोळे चुरचुरत होते आणि जो तो पाणी मागत होता. त्या रात्री बेटावरच्या एकाही झोपडीत कुणी धड झोपलं नाही. लहान-मोठे सगळे ओकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आतल्या समुद्रात विमान उतरलं. रबरी होडीतून तिघे किनाऱ्याला आले. दोन अमेरिकन, आणि त्यांचं बोलणं सांगायला ओबेट नावाचा एक माणूस, दक्षिणेकडच्या बेटांवरचा. एका अमेरिकनाच्या हातात पेटी होती. ती तो झाडाजवळ नेई, चटईजवळ नेई, आणि ती कडकड वाजे. हौदाजवळ नेली तेव्हा तो आवाज थांबेचना. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हळू आवाजात काही बोलले.

रीतीप्रमाणे मामाने तिघांसाठी शहाळी फोडून आणली. कुणी घेतलं नाही. बसा म्हटलं तर कुणी बसलं नाही.

"हे म्हणतात, हौदाचं पाणी पिऊ नका," ओबेट म्हणाला.

"मग काय प्यायचं?" लिबेरने विचारलं.

ओबेटने विचारून सांगितलं, "जहाज येणार आहे."

"कधी?"

"येईल म्हणतात."

"आणि पोरांच्या अंगावर फोड आलेत ते?"

ओबेटने ते त्यांना सांगितलं की नाही कळलं नाही. पेटीवाला तोवर होडीकडे चालायला लागला होता. होडीत चढण्याआधी दोघांनी बूट समुद्रात बुडवून खसाखसा घासले, मग विजारीचे पाय झटकले, मगच आत बसले. लिबेर ते किनाऱ्यावरून बघत होती. विमान उडालं तेव्हा त्यांना येऊन घटकाभरही झाली नव्हती. शहाळी तशीच उघडी पडली होती, त्यांवर माश्या बसल्या होत्या.

जाताना त्यांनी फक्त पाण्याचं सांगितलं होतं. पण ते बसले का नाहीत? बूट का धुतले? लिबेर वाळूत उभी राहून विचार करत होती. ती परत आली तेव्हा हौदापाशी माणसं जमली होती. एकाने झाकण सरकवलंही होतं. "एक घोट घेतला तर काय होतंय," तो म्हणत होता. "काल प्यायलोच की."

"काल प्यायलो म्हणूनच ओकलो," लिबेर म्हणाली.

"ते वाळवलेल्या माशांनी असेल."

ऊन कडक होतं. मुलं जिभा बाहेर काढून सावलीत पडली होती. जहाज येईपर्यंत ही माणसं हौदापासून लांब राहणार नाहीत, हे लिबेरला दिसत होतं. वर्षानुवर्षं तिने त्यांना ओळखलं होतं. बंदी घातली की ती दिवसभर पाळायची आणि पाठ फिरली की बादली बुडवायची. ती हौदाच्या मागच्या बाजूला गेली, खाली बसली आणि तळाच्या बुचाला दगडाने ठोकायला लागली.

मामा धावत आला. "काय करतेस तू?"

"सोडून देतेय."

"वेड लागलंय का तुला? पाऊस यायला अजून महिने आहेत. जहाज आलं नाही तर?"

"मामा, त्यांनी आपल्या घरचं शहाळं हातात घेतलं नाही. आपल्या वाळूवर पाय ठेवला तर बूट धुतले. हे पाणी पिण्यासारखं असतं तर ती पेटी एवढी ओरडली नसती."

"पेटी ओरडते म्हणून पाणी ओतायचं? हे पाणी तुझ्या बापाचं नाही, बेटाचं आहे."

"तुम्हीच सांभाळायला दिलंत."

"सांभाळायला दिलं. ओतायला नाही."

तिने मामाकडे वर पाहिलं नाही. तिकडे भाचीने मामाला असं तोंडावर उत्तर द्यायचं नसतं, तिलाही ते कळत होतं. तिने आणखी दोन घाव घातले आणि बूच निघालं. पाणी जाड धारेने वाळूत पडलं, वाळूने ते लगेच गिळलं. माणसं उभी राहून बघत होती. एक बाई रडायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, "हिला नवरा नाही, हिला काय," आणि त्यानंतर सगळेच बोलायला लागले. लिबेर हौदाला टेकून बसली, पाणी संपेपर्यंत उठली नाही.

नंतर ती झोपडी-झोपडीत गेली. म्हणाली, अंगावरचं ते पीठ समुद्रात जाऊन धुवा, पोरांचे केस धुवा, बाहेर वाळलेलं काही खाऊ नका. "त्यांनी सांगितलं का असं?" लोक विचारायचे. नाही म्हटलं की ते तोंड फिरवायचे. खाऱ्या पाण्याने फोड झोंबत होते, त्यामुळे जी दोनचार मुलं समुद्रात उतरली तीही किंचाळत बाहेर पळाली. आणि तहान भागवायला लोक झाडावर चढून शहाळी काढतच होते. त्या झाडांवर, त्या शहाळ्यांच्या सालीवर तेच पांढरं पीठ होतं. तेही नको म्हणावं, तर प्यायला मग काहीच उरत नव्हतं. लिबेरने शहाळी समुद्रात बुडवून फोडायला सांगितली. एवढंच तिला सुचलं.

घरी आली तर नेइबात तोरिनाला मांडीवर घेऊन बसली होती. तोरिना शांत झाली होती. तिची हनुवटी ओली होती आणि शेजारी पत्र्याचा पेला होता. कोपऱ्यातली किटली भरलेली होती. हौदाचं पाणी सोडण्याआधीच म्हातारीने ती भरून ठेवली होती.

लिबेरने किटली उचलली, बाहेर नेऊन रिकामी केली. पेलाही ओतला. मग ती आत आली.

"पोर रडत होती गं," नेइबात म्हणाली.

लिबेरने तोरिनाला तिच्याकडून घेतलं आणि छातीशी धरलं. पोरीच्या केसांतून पीठ तिच्या खांद्यावर सांडत होतं.

सकाळी जहाज आलं. नौदलाचे लोक ओरडत होते, ओबेट त्यांचं ओरडणं सांगत होता: काही घेऊ नका, चटया नको, भांडी नको, तसेच चढा. मामाने बायबल घेतलं होतं, तेही किनाऱ्यावर ठेवायला लावलं. जहाजाच्या डेकवर सगळ्यांचे कपडे उतरवून मोठ्या नळीने पाणी मारलं, पुरुष आणि बायका एकाच जागी. त्या बेटांवर भाऊ बहिणीच्या समोर साधी थट्टा करत नाही. मामा आणि बाकीचे म्हातारे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटून. नेइबात थरथरत होती. लिबेर तिच्यासमोर आडवी उभी राहिली आणि तिने पाणी स्वतःच्या पाठीवर घेतलं.

नौदलाच्या तळावर त्यांना तंबूंत ठेवलं. रोज डॉक्टर यायचे, रक्त घ्यायचे, ती पेटी अंगावरून फिरवायचे, पुन्हा पुन्हा समुद्रात आंघोळ करायला लावायचे. पायांवर, मानेवर काळे चट्टे पडले आणि मग ते सोलून निघाले. तोरिनाच्या पावलांचं कातडं गेलं. ती गुडघ्यांवर चालायची. एके दिवशी नेइबात तिचे केस विंचरायला बसली आणि केसांचा पुंजका तिच्या हातात आला. मग आणखी एक. दोनचार दिवसांत पोरीचं डोकं केवड्याच्या फळासारखं खडबडीत दिसायला लागलं. नेइबातने ते सगळे केस फडक्यात बांधून ठेवले. डॉक्टरांना ते सापडले तेव्हा चिमट्याने उचलून घेऊन गेले.

ओबेट तळावरच होता. लिबेरने एकदा त्याला गाठलं.

"तुला माहीत होतं का काय आहे ते?"

"मला जेवढं सांगायला सांगितलं तेवढं मी सांगितलं, बाई."

"तेवढं किती होतं?"

"पाणी पिऊ नका. बस." मग तो म्हणाला, "खाण्याचं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, एवढा वेळ नाही. आम्हाला तिथे जास्त थांबता येत नाही म्हणाले."

"त्यांना थांबता येत नव्हतं. आणि आम्ही?"

ओबेटने अंगातल्या नव्या विजारीकडे बोट दाखवलं. "माझी विजार जाळली त्यांनी, परत आल्यावर," तो म्हणाला. "तेव्हा मला जरा कळलं."

डॉक्टरांपैकी एक म्हातारा होता, बोलायला बरा. त्याला ओबेटकरवी लिबेरने विचारलं, मी पाणी सोडून दिलं त्याने काही फरक पडला का? डॉक्टरने बरंच काही सांगितलं. विष पाण्यात होतं, तसं धुळीत होतं, माशांत, फळांत, केसांत, झोपायच्या चटईत होतं. पाणी ओतलं ते चांगलं केलं. पण किती चांगलं झालं ते सांगता येणार नाही, असं म्हणून त्याने हात पसरले.

मामा तंबूच्या दारात बसून ऐकत होता. तो तिच्याशी हौदाबद्दल काहीच बोलला नाही, चांगलं नाही की वाईट नाही.

पुढे सगळ्यांना माजुरो या मोठ्या बेटाजवळच्या एका बेटावर नेलं, आणि तिथे वर्षांवर वर्षं गेली. ते बेट दुसऱ्यांचं होतं. झाडावरचा नारळ पाडायचा तर विचारावं लागायचं. तांदूळ आणि डब्यातलं मटण मिळायचं, पण माणसं दिवसभर करणार काय? मग एक दिवस अधिकारी आले आणि म्हणाले, एलमार आता राहण्यासारखं झालंय. नवी घरं बांधलीत, हौद घासून रंगवलाय. फक्त नारळखेकडे खाऊ नका.

"खेकडा नारळ खातो," लिबेर मामाला म्हणाली. "खेकडा नको आणि नारळ चालेल, हे कसं?"

"ते शिकलेले लोक आहेत."

"तेव्हाही तेच शिकलेले होते."

"मग काय करायचं?" मामा तिच्यावर ओरडला. "इथे दुसऱ्याच्या सावलीत मरायचं? माझी आई तिथे पुरलीय. मी मेल्यावर ती जमीन कुणाची? तुझीच ना? जमिनीशिवाय तू कोण आहेस गं?"

मामाचं खोटं नव्हतं. त्या बेटांवर जमीन नसलेल्या माणसाला खरंच कुणी विचारत नाही. पण तिने तोरिनाचा हात सोडला नाही. "तुम्ही जा मामा," ती म्हणाली. "मी हिला तिथे नेणार नाही."

जहाज आलं तेव्हा जवळजवळ सगळे चढले. नेइबातही चढली, तिकडे तिचं माहेर होतं, आणि बुडालेल्या मुलासाठी तिने उभा केलेला दगड होता. तोरिनाला तिने कवटाळलं आणि सुनेच्या डोळ्यांत न बघता शिडी चढून गेली.

त्यानंतर एलमारहून निरोप यायचे. आरारूट खाल्लं की तोंड भाजतं. अमुकीचं मूल पोटातच गेलं. तमुकीला झालं ते मूल दिसायला मुलासारखं नव्हतं, द्राक्षांच्या घडासारखं होतं, कुणाला न दाखवता पुरलं. डॉक्टर दरवर्षी जहाजाने यायचे, सगळ्यांना मोजायचे, आणि जाताना सगळं ठीक आहे म्हणायचे.

तोरिना तेरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या गळ्यात गाठ दिसायला लागली. वर्गातल्या तिच्या वयाच्या पोरींपेक्षा ती हातभर बुटकी होती. वाढच थांबल्यासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, अमेरिकेत नेऊन कापावं लागेल.

हे कळलं आणि खोबरं नेणारं जे जहाज मिळालं त्याने नेइबात आली. फार वाळली होती. दिवसभर नातीजवळ बसून राहिली, तिच्या पायांवरून हात फिरवत. संध्याकाळी तोरिना शेजारणीकडे गेली तेव्हा दोघी केवड्याची पाती सोलत बसल्या होत्या. नेइबातचे हात थांबले.

"लिबेर, त्या दिवशी मी हिला किटलीतलं पाणी दिलं होतं."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे?"

"पेला मीच ओतला ना, बुबू."

"मला वाटलं तू किटली भरलेली बघून ओतलंस. पोर प्यायलीय हे तुला कळलं नसेल." म्हातारीने हातातली पात खाली ठेवली. "मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? मला शिव्या द्यायच्यास. हाकलून द्यायचंस. मी तिकडे जाऊन बसले ती याच्यासाठीच. म्हटलं, हिच्या नजरेसमोर नको."

लिबेरने पातीची कड नखाने सोलली. खरं म्हणजे सुरुवातीला तिने मनात पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. तंबूत, पोर गुडघ्यांवर चालत होती तेव्हा, ती रोज त्या पेल्याचा विचार करायची. पण मग तिला आदल्या संध्याकाळच्या बादल्याही आठवायच्या, फडक्यातून गाळून वाटलेल्या, आणि छातीशी धरलेलं ते पिठाने माखलेलं डोकं.

"तू एक पेला दिलास," ती म्हणाली. "मी सगळ्या बेटाला दिलं. कुठल्या घोटाने काय झालं ते डॉक्टरलाही कळत नाही. आता तू इथेच राहा. मी हिच्याबरोबर जाईन, परत येऊ तेव्हा घरात कुणीतरी पाहिजे."

नेइबातने होकाराची मान हलवली. उठता उठता म्हणाली, "तांदूळ कुठे ठेवतेस तेवढं दाखव."

तोरिना वाचली. गळ्यावर आडवा व्रण आला, रोज एक गोळी घ्यायची जन्मभर, आणि आवाज गेला तो घोगरा होऊनच परत आला. त्याच वर्षी मामा एलमारवर वारला. पोटाचं काहीतरी होतं, म्हणाले. जमीन लिबेरच्या नावावर आली. जी माणसं तिच्याकडे तिथे घर बांधायची परवानगी मागायला यायची, त्यांना ती नाही म्हणायची. ती माणसं शिव्या देत जायची. कुणीकुणी न विचारता बांधायचे.

नेइबात दोन वर्षांनी गेली, झोपेतच. लिबेरला दफनासाठी जागा मागायला शेजारच्या जमीनमालकाकडे जावं लागलं. अख्ख्या बेटाची मालकीण ती, आणि सासूला पुरायला हातभर मातीसाठी परक्याच्या दारात उभी होती. माणूस भला होता. झाडाखालची जागा दिली, पैशाचं नाव काढलं नाही.

प्रार्थनेला एलमारची जी माणसं इकडे होती ती आली. गाणं सुरू झालं. नेइबातला आवडायचं तेच, लांब ओढायचं. तोरिना आईशेजारी उभी होती. तिच्या गळ्यातून सूर निघत नव्हता, ती नुसते ओठ हलवत होती. लिबेरने तिचा हात धरला आणि आवाज चढवून तिच्या वाटचंही गायलं.